काउसा कुठे मिळेल, असं विचारणाऱ्यांना

इस्माईलचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोडेगावच्या स्टँडवर पत्रकं वाटत होते, आणि त्यांनी पेरायला दिलेलं मिरचीचं बी माझ्या खांद्यावरच्या झोळीत तसंच पडून होतं. मे महिन्यात दिलेलं. आता पावसाळा संपत आला होता. हे मी पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकते, कारण मागे ठेवलं तर पुढे सांगायचा धीर होईल की नाही याची मला खात्री नाही. फोनवर चाची होत्या. “गेले गं,” एवढंच म्हणाल्या आणि फोन तसाच चालू ठेवून कुणाशी तरी बोलायला लागल्या. मी बाकावर बसले. समोर उभ्या असलेल्या एका आजोबांनी हातातलं पत्रक उलटसुलट करत विचारलं, “पोरी, मंग वाडीला सकाळची गाडी झाली का चालू?” मी मान हलवून नाही म्हटलं आणि झोळीच्या आतल्या कप्प्यात हात घातला. पाकीट तिथेच होतं. कागद दमट झाला होता. चाचांनी त्यावर बॉलपेनने काहीतरी लिहिलं होतं, ते फुटून निळा डाग उरला होता. बाहेरून बोटांनी चाचपलं तर बिया एकमेकींना चिकटल्यासारख्या लागल्या... मी पाकीट उघडलं नाही. उघडायची भीती वाटली.

गेल्या वर्षी याच पुरवणीत मी चाचांच्या काउसावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्यामुळे ते गेल्याचं कळल्यावर लोकांचे फोन मला यायला लागले. सगळ्यांचा प्रश्न एक, की काउसा आता कुठे मिळेल. एका बाईंनी ‘तुमच्या दुःखात सहभागी आहोत’ असं लिहून त्याच ओळीत रेसिपी मागितली. पुण्याच्या एका रीलवाल्याने विचारलं, की चाची कॅमेऱ्यासमोर दोन शब्द बोलतील का, आणि बोलताना त्यांना रडू आलं तर चालेल का. त्याला मी जे ऐकवलं ते पुरवणीत छापता येणार नाही. पण राग उतरल्यावर लक्षात आलं, की प्रश्नात चूक काहीच नाही. चवीसाठीच तर माणसं चाचांकडे येत होती. चूक होती ती माझ्याकडे. काउसा पुन्हा मिळणार की कायमचा गेला, हे ज्याच्यावर अवलंबून होतं ते मी चार-साडेचार महिने पावसात भिजवत फिरवलं होतं.

ज्यांनी खाल्लेला नाही त्यांच्यासाठी सांगते. काउसा हा पेरू देशातला बटाट्याचा जुना पदार्थ. बटाटा उकडायचा, हात भाजत असतानाच सोलायचा, मऊसूत करायचा, त्यात लिंबू, तेल, मीठ आणि तिकडच्या पिवळ्या मिरचीचं वाटण मळायचं. त्या गोळ्याचे दोन थर, मधे कोंबडीचं सारण, वर उकडलेल्या अंड्याची चकती. गार करून खायचा. ऐकायला सोपं वाटतं. सगळी मेख त्या मिरचीत आहे. बोटाएवढी लांब, पिकली की नारिंगी आणि वाटली की पिवळीधमक. तिखट असते, पण तिखट जिभेवर पोचायच्या आधी एखाद्या पिकल्या फळासारखा वास नाकात जातो. चाचा तिच्या बिया आणि शिरा काढून ती तीन पाण्यांत उकळायचे, मग वाटायचे. ही मिरची बाजारात मिळत नाही. जुन्नरच्या मिळत नाही, मंचरच्या मिळत नाही, आणि मी विचारलंय म्हणून सांगते, पुण्याच्याही मिळाली नाही. चाचांच्या खानावळीमागच्या डब्यांत तेवढी होती.

चाचा जुन्नरचे, जन्माने आणि मरणानेही. मधली वीसेक वर्षं मात्र ते मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होते. एकदा त्यांचं जहाज पेरूच्या बंदरात मशीन बिघडून अडकलं. बंदराच्या फाटकाजवळ एका म्हातारीची दोन बाकड्यांची खानावळ होती. “बटाटा उकडल्याचा वास आला अन् मला डायरेक मंचरचा बटाटा बाजार आठवला बघ,” चाचा सांगायचे. तिला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना तिची. तीन-चार दिवस नुसतं खाल्ल्यावर पाचव्या दिवशी ते न विचारता तिच्या चुलीपाशी जाऊन बसले आणि बटाटे सोलायला लागले. म्हातारीने बघितलं आणि पळीचा एक फटका हातावर दिला. बटाटा गार झाल्यावर सोलत होते म्हणून. “मी जहाजावर तीस-चाळीस माणसं जेवू घालायचो, अन् ही बाई मला बटाटा सोलायला शिकवती,” असं म्हणून ते स्वतःचा हात पुढे करायचे, जणू वळ अजून दिसतोय. जहाज सुटलं तेव्हा तिने त्यांना वाळलेल्या मिरच्यांची पुडी दिली. पुडीतल्या बिया त्यांनी केबिनमध्ये वर्तमानपत्रावर पसरून जपल्या, आणि नोकरी सोडून परत आल्यावर जुन्नरात पहिल्यांदा काय केलं असेल, तर तेलाचे रिकामे डबे आणून त्यात माती भरली.

पण जुन्नरला गार भाजी खायला घालणं हे समुद्र ओलांडण्यापेक्षा अवघड काम होतं. चार टेबलांची खानावळ. रोजचं जेवण आपलंच, मटण-भाकरी, डाळ-भात. काउसा फक्त आठवडे बाजाराच्या दिवशी. बाजाराला आलेली माणसं ताटाकडे बघायची आणि म्हणायची, “चाचा, भाजी गारढोण हाय, जरा तापवून द्या की.” चाचा म्हणायचे, “पावणं, ही गारच असती.” कुणी वरून फोडणी मागायचं. कुणीतरी हमखास विचारायचंच, की पेरूची भाजी म्हणताय, पण ह्यात पेरूची फोड एकबी दिसंना. त्यावर चाचा मख्ख चेहऱ्याने सांगायचे, “तळाला बसलाय. पुढच्या ताटाला येईल.” माझी आई निमगाव साव्याहून बाजाराला यायची. एकदा ती संकष्टीला आली आणि बटाटा बघून तिचा जीव अडकला. चाचांनी तिच्यासाठी नवं पातेलं काढलं, अंडं-कोंबडी वगळून मधे दाण्याचा कूट भरला. आईला तरी शंका. “पण भाऊ, ही परदेशातली मिरची उपासाला चालती का?” चाचा म्हणाले, “वैनी, बटाटा बी तिकडनंच आलाय. तो चालतोय न्हवं तुमच्या देवाला?” आईने खाल्लं. पुढे ते पातेलं आणि त्याचा एक डाव वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा आणि उपासवाल्या बायका आपापल्या वेळेला येऊन बसायच्या. यावरून आमच्या गावात आईला टोमणे मारणारे निघालेच. त्यांची नावं मला पाठ आहेत. त्यांतले दोघे मागच्या दाराने येऊन पार्सल न्यायचे, हेही पाठ आहे.

बटाट्याच्या बाबतीत चाचा हट्टी. शीतगृहातला बटाटा गोडसर होतो आणि चिकट मळला जातो, म्हणून तो खानावळीत आलेला त्यांना चालायचा नाही. आंबेगावातल्या एका शेतकऱ्याची आरण त्यांनी धरून ठेवली होती. आरण म्हणजे काढलेला बटाटा शेतातच झाडाच्या गार सावलीत ढीग लावून, वर पाचट आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवायची आपली जुनी पद्धत. चाचा स्वतः जायचे, ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे आणि आतली हवा कशी आहे ते बघायचे. मी एकदा बरोबर गेले होते. “पोरी, ह्यो ढीग झाकला तर पायजे, पण दडपला न्हाई पायजे,” म्हणाले. मला तेव्हा ते नुसतं बटाट्याबद्दल वाटलं, आणि अजूनही ते बटाट्याबद्दलच होतं असं मला वाटतं. चाचा सुविचार सांगणारे गृहस्थ नव्हते. त्यांना बटाटा नीट हवा असायचा.

माझी त्यांची ओळख कॉलेजात असताना झाली. आम्ही पाच-सहा जण पत्रकं काढायचो. पाणी, दाखले, वरच्या वाड्यांना गाडी, जे हाताला लागेल त्यावर. चहाच्या एका कपावर तासन्‌तास बसू देणारी जुन्नरातली एकच जागा होती. एकदा मी लिहिलेलं पत्रक चाचांनी टेबल पुसता पुसता वाचलं. मी कौतुकाची वाट बघत होते. ते म्हणाले, “लई गुस्सा हाय ह्यात. चांगला हाय. पण सभा किती वाजता ते कुठं लिवलंय?” लिहिलंच नव्हतं. तारीख होती, वेळ नव्हती. पाचशे प्रती छापून झाल्या होत्या. मग चाची, चाचा आणि आम्ही सगळ्यांनी बसून प्रत्येकीवर हाताने ‘सकाळी अकरा’ लिहिलं. तेव्हापासून माझं प्रत्येक पत्रक छापायला जायच्या आधी त्यांच्या नजरेखालून जायचं. रागाला त्यांनी कधी हात लावला नाही. वेळ, ठिकाण, कुणाला भेटायचं, एवढंच तपासायचे.

दोन वर्षांमागे डब्यांतल्या मिरच्यांवर बोकड्या पडला. पानं आक्रसतात, गुंडाळतात, झाड जागच्या जागी बसतं. चाचांनी राख टाकली, कडुलिंबाचं पाणी मारलं, रोगट झाडं उपटून जाळली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. सगळीकडे मिरची, सगळीकडे हा रोग पसरवणारी पांढरी माशी, डब्यांतली झाडं वाचणार कशी. शेवटच्या हंगामात एकाच झाडाला चार मिरच्या धरल्या. त्यांतल्या दोन नीट पिकल्या. त्यांचं बी त्यांनी काढलं, आणि मे महिन्यात एका दुपारी मला बोलावून ते पाकीट हातात दिलं. छातीचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं. माझं तळेघरला येणं-जाणं असतं, तिथल्या हिरामावशी आमच्या गाडीच्या लढ्यात पहिल्यापासून आहेत, हे त्यांना माहीत होतं. “तिकडं भात अन् नाचणी. मिरचीचं रान न्हाई आसपास. माशी न्हाई. त्या बाईला म्हणावं, घराच्या कडंला वळचणीखाली लाव, पाऊस डोक्यावर पडू देऊ नको.” मी म्हटलं, “चाचा, थोडं इथेही ठेवा.” ते म्हणाले, “इथं ठेवलेलं दोनदा गेलंय. सगळंच ने.” मग, “लगेच जाशील न्हवं?” मी म्हटलं, “गुरुवारी.”

त्या गुरुवारी कचेरीत निवेदन द्यायचं होतं. पुढच्या गुरुवारी मोर्चाची तयारी. मग पाऊस लागला, मग तळेघरला गेले तेव्हा झोळी दुसरी होती, मग झोळी होती पण सभेत विसरले... मी कारणं सांगत नाहीये, कारणं कशी रांगेने उभी राहतात ते सांगतेय. आषाढात चाचांचा फोन आला. “लावलं का?” आणि मी म्हटलं, “हो चाचा, लावलं.” विचार करायलाही वेळ घेतला नाही. येत्या गुरुवारी जाऊन लावू, म्हणजे खोटं आपोआप खरं होईल, असं काहीतरी डोक्यात होतं. ते म्हणाले, “उगवलं?” मी म्हटलं, “दोन-दोन पानांवर आहे.” “पानं कशी हायत? गुंडाळली न्हाईत ना?” “सरळ आहेत. एकदम सरळ.” पलीकडून त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मी ज्यांच्या टेबलांसमोर उभी राहून ओरडते त्या साहेब लोकांची ‘नोंद घेतली आहे, कार्यवाही चालू आहे’ ही उत्तरं मला तोंडपाठ आहेत. त्यांच्यावर मी अख्खी पत्रकं लिहिली आहेत. ‘हो, लावलं’ हे त्याच जातीचं उत्तर होतं आणि ते देताना माझा आवाजसुद्धा हलला नाही.

श्रावण संपताना त्यांना पुण्याला दवाखान्यात हलवलं. मी भेटायला गेले. बी झोळीत होतं, आणि झोळी त्यांच्या खाटेच्या पायाशी टेकवून ठेवलेली. चाची बाहेर औषधं आणायला गेल्या होत्या. चाचा बारीक झाले होते, नाकात नळी होती. त्यांनी विचारलं, “फूल?” मी म्हटलं, “आलंय.” तेव्हा खरं सांगायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मीही म्हणते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि... मला वाटलं, आत्ता सांगितलं तर त्यांना काही होईल. की मला काही होईल, म्हणून सांगितलं नाही? हे मला आजही ठरवता येत नाही. ते हळूहळू बोलत होते. “पिवळी दिसली म्हणून तोडायची न्हाई. नारिंगी होऊ दे. घाई करू नको.” मी मान डोलावली. परत येताना गाडीत झोळी मांडीवर घेऊन बसले, ती खाली ठेवावीशीच वाटेना. पुढे त्यांना जुन्नरला घरी आणलं, आणि महिन्याभराने ते गेले.

चौथ्या दिवशी मी तळेघरला गेले. फाट्यावर उतरून पुढे चालत. हिरामावशींना सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट उघडलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, “बुरशी धरलीय गं.” बिया ताटलीत टाकून एकेक वेगळी केली. काळी पडलेली बाजूला, पोकळ बाजूला. बऱ्या दिसणाऱ्या सव्वीस उरल्या. मी विचारलं, उगवतील का. “म्या काय बियात शिरून बघितलंय व्हय,” म्हणाल्या. कोमट पाण्यात भिजवल्या, मग चुलीमागच्या उबेला एका पसरट घमेल्यात राखमाती करून लावल्या. मी निघताना त्यांनी एकच वाक्य ऐकवलं. “गाडीसाठी वर्षभर बोंबलतीस, अन् चिमूटभर बी पोचवायला तुला गाडी घावली न्हाई.”

आणि इथून माझी झोप गेली, कारण चाचा जाऊन नऊ दिवस झाले तेव्हा चाचींचा फोन आला. माणूस गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी जेवण असतं, आप्त-शेजाऱ्यांना बोलवायचं असतं. “बिर्याणी करणारच हाय,” चाची म्हणाल्या, “पण काउसा बी करू. त्यांच्या हातचा ज्यांनी खाल्लाय त्यांना त्यांचीच मिरची पायजे. तळेघरच्या झाडांना आता धरल्या असतील. तेवढ्या घेऊन ये.” मी ‘बघते’ म्हणाले. पुन्हा एकदा. रोज सकाळी मावशींना फोन लावायचा, रेंज नसायची. लागला तर त्या म्हणायच्या, “न्हाई अजून.” दहा दिवस, न्हाई. पंधरा दिवस, न्हाई. मी पत्रकाचा मजकूर लिहायला बसायचे आणि कागदावर तारखा मांडत बसायचे. आज उगवलं तरी मिरची धरायला चार महिने, पाच महिने. चाळिसावा तर एवढ्यावर. कुठल्याही तऱ्हेने मांडलं तरी जमत नव्हतं. एकदा तर मनात आलं, की मावशींकडे डुक्कर शिरलं, झाडं खाल्ली, असं चाचींना सांगावं. किती सोपं होतं. विश्वासही बसला असता. त्या विचाराची मला इतकी भीती वाटली, की मी उठून तोंड धुतलं.

बी लावल्यापासून विसाव्या दिवशी मावशींचा स्वतःहून फोन आला. चार उगवली होती. सव्विसातली चार. त्यांतलं एक दुसऱ्याच रात्री गोगलगायीने खाल्लं. तीन राहिली. मावशींनी घमेलं उचलून फळीवर ठेवलं आणि फळीच्या पायांना राखेची कडी घातली. मी फोटो मागवला, त्यांच्या सुनेने पाठवला. काळ्या मातीत तीन हिरवे ठिपके. मी तो फोटो किती वेळा मोठा करून बघितला असेल, पानांची कड गुंडाळलेली नाही ना म्हणून.

चाळिसाव्याला पाच दिवस उरले असताना मी चाचींकडे गेले. खानावळ बंद होती, त्या आतल्या खोलीत सुपात तांदूळ निवडत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. “चाची, मिरच्या नाहीत.”

“धरल्या न्हाईत अजून?”

“झाडंच नाहीत. बी मी चाचा गेल्यावर लावलं. आत्ता बोटभर रोपं आहेत. तीनच.”

त्यांचा हात सुपात थांबला. मग पुन्हा चालू झाला. खाली बघूनच त्यांनी विचारलं, “मंग ती दोन पानं?”

“खोटं सांगितलं.”

“सरळ हायत म्हणालीस ते?”

“तेही.”

“फूल आलं म्हणालीस. दवाखान्यात.”

“हो चाची.”

त्या तांदळातले खडे एका बाजूला सारत राहिल्या. मग म्हणाल्या, “रोज सांगायचे गं मला. आज कळी असंल. आज मिरची धरली असंल, एवढी, नखाएवढी. भिंतीकडं बघून सांगायचे, जसं तिथंच झाड हाय.” मी रडायला लागले तर त्या म्हणाल्या, “रडू नको. मला राग आलाय. तू रडलीस का मला तुझी समजूत काढावी लागती, मंग रागाचं काय करू मी?” मी डोळे पुसले. निघताना मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी बघितला न बघितल्यासारखं केलं. “रोपाचा फोटो काय, कुणाच्याबी रोपाचा असतो,” म्हणाल्या. हे मला सगळ्यात जास्त लागलं. आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

चाळिसाव्याला मी गेले. बोलावणं होतं की नव्हतं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून गेले. फातिहाची प्रार्थना झाली, जेवायला दस्तरखान अंथरला, बिर्याणी आली, आणि तिच्या मागोमाग काउसा आला. चाचींनी केला होता. सातगाव पठारावर नुकतीच काढणी झाली होती, तिथला ताजा बटाटा. लिंबू, तेल, मीठ, सगळं चाचांच्या मापाने. मिरचीच्या जागी आपली लाल मिरची भिजवून आणि रंगाला पिवळी ढोबळी वाटलेली. दिसायला तोच. माणसांनी घास घेतले आणि एकजात सगळे म्हणाले, की वा, तीच चव, चाचांची आठवण झाली. चांगली माणसं होती. वाईट वाटू नये म्हणून म्हणत होती. मी घास घेतला. बटाटा सुरेख होता. पण थेट तिखट आलं, आणि त्याच्या आधी यायला हवा तो वास आलाच नाही. नुसताच तिखट, आंबट, गार बटाटा.

चाची स्वयंपाकघराच्या चौकटीला एक हात लावून उभ्या होत्या. चाचा असेच उभे राहायचे, नवीन माणूस काउसा खायला बसला की पहिला घास गिळेपर्यंत जागचे हलायचे नाहीत, आणि बोलायचे मात्र काही नाहीत. चाची बोलल्या. सगळ्यांसमोर, मलाच विचारलं. “कसा झालाय?”

मला माहीत होतं काय म्हणायचं असतं ते. चाळिसाव्याच्या जेवणात यजमानीण विचारते तेव्हा एकच उत्तर असतं. “नाही झाला, चाची,” मी म्हटलं. “बटाटा बरोबर आहे. मिरची नाही. तिखट एकटंच येतंय.”

शेजारी बसलेल्या एका बाईंनी मला कोपराने ढोसलं. चाचींनी माझ्याकडे नीट बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदा. मग जवळ येऊन माझ्या ताटातला एक घास त्यांनी स्वतः तोंडात टाकला, चावला, आणि म्हणाल्या, “व्हय. मला बी तसंच वाटलं.” आणि आत जाता जाता, पाठमोऱ्या, “रोपांना गोगलगाय लागू देऊ नको म्हणावं त्या बाईला.”

त्याला आता दोन आठवडे झाले. रोपं तीनच आहेत, वीतभर झाली आहेत. एकाचं एक पान कडेला किंचित वळलंय. मावशी म्हणतात, थंडीने असेल. मी हो म्हणते आणि माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. दर गुरुवारी जाऊन येते. चाचीही एकदा येऊन बघून गेल्या. रोपांपुढे बराच वेळ उकिडव्या बसल्या होत्या.

तर, काउसा कुठे मिळेल असं विचारणाऱ्यांनो, ऐका. जुन्नरात, आठवडे बाजाराच्या दिवशी, दुपारी बारा ते दोन, चार टेबलांच्या त्याच खानावळीत. चाचींनी पुन्हा सुरू केलाय. तो अजून चाचांचा काउसा नाही, आणि कधी होईल हे तीन रोपांच्या हातात आहे. त्या तुम्हाला ताट देतील आणि चौकटीला हात लावून उभ्या राहतील. कसा झालाय विचारलं, तर खरं सांगा.